मत्स्यालयाला पाऊण तास पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंगापूर सहलीच्या बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत सेंटोसा बेटावरचे मत्स्यालय पाऊण तासात उरकलेले असते. पुढे केबल कार आणि किनारा उभे असतात. एवढ्यात सेल्फी होतो, मासे पाहून होत नाहीत. २०१२ साली सुरू झालेले हे मत्स्यालय जुलै २०२५ मध्ये जवळपास तिप्पट होऊन 'सिंगापूर ओशनेरियम' या नावाने पुन्हा उघडले. तीन तास तरी राखून ठेवावेत.

त्यातला निम्मा वेळ मोठ्या टाकीसमोर बसण्यात जावा. ३६ मीटर रुंद, ८.३ मीटर उंच खिडकी. काच म्हणतात, पण आहे ती ७० सेंटिमीटर जाड ॲक्रिलिक. सपाट खिडकीतून पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट लांबीवर भासते, म्हणून चार मीटरवरची मुशी तीन मीटरवर आल्यासारखी दिसते. हे समोरून पाहिले तरच. कडेला उभे राहून तिरके पाहिल्यास मासे दबलेले दिसतात आणि कडांना रंगीत झालर येते. गर्दीत कडेची जागा मिळाली तर दहा मिनिटे थांबावे, मधली माणसे फोटो काढून निघून जातात. मांटा दिसली की मुले 'पाकट, पाकट' ओरडतात. कूळ बरोबर आहे, विषारी काटा मात्र तिला नाही.

मोबाइलचा फ्लॅश बंदच हवा. उजेड ॲक्रिलिकवरून उलटतो आणि फोटोत पांढरा ठिपका उरतो. लेन्स खिडकीला अलगद टेकवावी, बाजूंनी काळा रुमाल धरावा. नाइट मोड लावला तर शटर जास्त वेळ उघडे राहते आणि पोहणारा मासा पुसट येतो. ॲक्रिलिक काचेपेक्षा मऊ असते, त्यामुळे अंगठी-बांगड्यांनी ओरखडे पडतात. काचेवर टकटक करू नये हे मुलांइतकेच मोठ्यांनाही सांगावे लागते.

जायला हार्बरफ्रंट मेट्रो स्थानकावर उतरून व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस पकडावी. पहिलेच स्थानक रिसॉर्ट्स वर्ल्ड. भाडे जाताना लागते, परतताना नाही. गुडघे ठणठणीत असतील तर बोर्डवॉकवरून चालतही जाता येते. आत एसी असतो, म्हणून अंगावर काहीतरी असू द्यावे. बाहेरच्या दमट हवेत येताच चष्मा आणि लेन्स धूसर होतात. अशा वेळी ओल्या लेन्सवर रुमाल घासू नये. फोन पंधरा मिनिटे बॅगेतच ठेवावा, मग किनाऱ्यावरचे फोटो काढावेत.

– एक वाचक, डोंबिवली