पट्टी आणि वही

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंदापासून सगळा हापूस वाशीच्या बाजारात लावावा आणि ऑनलाइन विक्री बंद करावी, असे तू लिहिले आहेस. ऐन हंगामात बाग सांभाळून दिवसभर व्हॉट्सॲपवर उत्तरे देताना तुझी होणारी ओढाताण मी पाहतो. तरीही हा विचार तू सोडावास, असे मला मनापासून वाटते.

मी तीस वर्षे वाशीला माल पाठवला. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ देठासह उतरवायचे, पेट्या भरून रात्रीच्या गाडीला द्यायच्या आणि पट्टीची, म्हणजे अडत्याकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाची, वाट पाहायची. एका वर्षी शंभर पेट्यांच्या पट्टीवर ‘माल डागी’ एवढे दोनच शब्द लिहून निम्मा भाव लावलेला होता. डाग कशाचा, किती फळांवर, हे विचारावे तर माझ्यासमोर ना ते फळ होते, ना ते खाणारा माणूस.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तू पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर आढीतल्या, गवतात पिकायला घातलेल्या आंब्यांचे फोटो टाकलेस. पेटी घरातून निघण्याआधी यूपीआयने पैसे जमा झाले, हे मला त्या वेळी खरेच वाटेना. पण माझ्या लेखी पैशांहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. कोथरूडच्या एका आजींनी कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवला. कोयीजवळचा गर पांढरट आणि फोपसा झालेला होता. गराचा हा दोष, म्हणजे साका, बाहेरून कधीच दिसत नाही, त्यामुळे बाजारात तो कोणाच्या नशिबी आला हे बागायतदाराला कळत नाही. तू वाद न घालता सहा फळे बदलून दिलीस, आणि कोणत्या पेटीत कुठल्या कलमांचा आंबा भरला हे वहीत टिपलेले असल्यामुळे अशा बहुतेक तक्रारी कातळावरच्या कलमांच्या निघाल्या. तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते, म्हणून आता आपण तिथे गवताचे आच्छादन घालतो आणि फळ थोडे आधी उतरवतो. तीस वर्षांच्या पट्ट्यांनी मला जे सांगितले नाही, ते त्या एका फोटोने सांगितले.

हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कर्नाटकातला आंबा कोकणच्या नावाने सर्रास विकला जातो. अशा वेळी ज्याच्याशी बोलता येते, ज्याला जाब विचारता येतो, त्याच्याकडूनच गिऱ्हाईक पुन्हा घेते.

बारीक फळ खुशाल वाशीला जाऊ दे. ऑनलाइन मागणी मात्र रोज चाळीस पेट्यांवर घेऊ नकोस, उत्तरांसाठी संध्याकाळचे दोन तास ठरव, आणि आंबा कोणत्या दिवशी खावा याची चिठ्ठी पेटीत घाल. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील. चिठ्ठ्या लिहायला तुझी आई तयार आहे. तक्रारींची वही मी सांभाळीन. येताना गेल्या वर्षीची वही तेवढी आठवणीने आण.

तुझे
बाबा