लसीच्या दिवशीच बाळाचे डोळेही बघा : आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. मी नाशिकरोडला चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करतो. डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्री शिकलोय.

शाळा सुरू झाल्या की आमच्याकडे पोरांची गर्दी होते, बाईंनी सांगितलेलं असतं याला फळ्यावरचं दिसत नाही म्हणून. बहुतेकांना साधा मायनस नंबर निघतो, चष्मा दिला की विषय संपला. पण मधूनच दहा-अकरा वर्षांचं एखादं पोरगं येतं, त्याचा चांगला डोळा झाकला की तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा त्याला सांगता येत नाही आणि आई मागून ओरडत असते, नीट बघ ना रे. त्या पोराला एका डोळ्याने कमी दिसतंय हे त्याचं त्यालाच माहीत नसतं, जन्मल्यापासून तसंच बघतोय ना तो. मी काचा बदलून बघतो तरी फारसा फरक पडत नाही, कारण मेंदूने त्या डोळ्याकडून येणारं चित्र घ्यायचंच सोडून दिलेलं असतं. आळशी डोळा म्हणतात याला. हेच तीन-चार वर्षांचा असताना कळलं असतं तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज डॉक्टर सांगतील तेवढे तास पट्टी, यावर नजर बरीच सुधारते. सात-आठ वर्षांनंतर ते अवघड होत जातं, तरी प्रयत्न सोडू नका असं सांगून मी त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतोच, पण त्या आईचा चेहरा बघवत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. लहान पोर तक्रार करत नाही, तर कोणीतरी आपणहून त्याच्या डोळ्यात बघितलं पाहिजे, आणि ते बघायची वेळ म्हणजे लसीकरणाचा दिवस, कारण त्या दिवशी आई बाळाला घेऊन आलेलीच असते.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात, जन्मजात मोतीबिंदूपण त्याच्या यादीत आहे. योजना चांगलीच आहे, माझा तिच्याविरुद्ध एक शब्द नाही. पण पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणार आणि दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळाचं ऑपरेशन पहिल्या दीड-दोन महिन्यांत झालं तर नजरेला फायदा, मग हे जुळणार कसं? बाळंतपणानंतर घरी सोडायच्या आधी एकदा, मग दीड महिन्याच्या लसीला, मग साडेतीन महिन्यांच्या, मग नऊ महिन्यांच्या, एवढ्या वेळा अंधाऱ्या खोलीत ऑप्थॅल्मोस्कोपचा, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या छोट्या बॅटरीसारख्या यंत्राचा, उजेड दोन्ही डोळ्यांत टाकून बाहुल्यांत लाल चमक सारखीच येते का बघायचं, मिनिटभराचं काम आहे, बाळाला दुखत नाही. एका डोळ्यात चमक आली नाही, पांढरट दिसली, की लगेच पुढे पाठवायचं. मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर पण असू शकतो, आणि तो कॅन्सर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाच होतो. मोबाईलवर फ्लॅशने काढलेल्या फोटोत एकच बाहुली पांढरी दिसली तर आईबापांनीसुद्धा थांबू नये, हे प्रत्येक आशाताईने घरोघर सांगायला हवं.

कमी दिवसांच्या बाळांचं तर वेगळंच. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोच्या खालचं बाळ असेल तर पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला पाहिजे, अगदी छोट्या बाळाची अजून लवकर. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून बाळ कायमचं आंधळं होतं, आणि वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर बहुतेकांची नजर वाचते. आता विचार करा, सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरची बाई, महिनाभर नाशिकला बाळाजवळ बसून कंटाळलेली, डिस्चार्ज मिळाला की ती घरीच पळणार. तिच्या हातात इंग्रजी कागद देऊन काय होणार. तपासणीची तारीख मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या, आशाताईला त्याच दिवशी फोन करा, आणि आजारी बाळांसाठी एक वर्षापर्यंत मोफत गाडीची सोय आहेच, तर १०२ ची गाडी त्या तारखेलाच बुक करून टाका.

आणि काही साध्या गोष्टी आहेत, त्या लसीच्या रांगेत उभ्या असलेल्या आयांना सांगायच्या. पहिले तीन-चार महिने डोळा अधूनमधून तिरळा वाटला तर घाबरू नका, पण त्यानंतरही होत असेल किंवा सतत तिरळाच असेल तर दाखवा, तिरळं पोर नशीबवान असतं म्हणून थांबू नका. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं आणि बोटाची घाण डोळ्यात जाते ती वेगळीच. दूध, मध पण डोळ्यात नको. तान्ह्या बाळाचा डोळा लाल होऊन पू येत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात.

डोळ्यातून नुसतं पाणी गळणं, सकाळी चिकटणं, हे बऱ्याचदा अश्रूची नळी बंद असल्यामुळे असतं, नखं कापून हात धुवून नाकाजवळच्या कोपऱ्यावर खालच्या दिशेने मसाज केला तर बहुतेकांचं वर्षभरात आपोआप मोकळं होतं. पण पाणी गळतंय, उजेडात बाळ डोळे मिटून घेतंय आणि बुबुळ मोठं, धुरकट दिसतंय तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. नातेवाईक काय टपोरे डोळे आहेत म्हणून कौतुक करत बसतात आणि आत दाब वाढत राहतो. म्हणून सांगतो, बघणारी व्यक्ती शिकवलेली पाहिजे.

एप्रिल-मेच्या धुळीत पोरं डोळे चोळत येतात, ॲलर्जी असते, आणि घरचे मेडिकलमधून मागच्या वर्षीचाच ड्रॉप आणून घालतात. त्यात स्टिरॉइड असलं तर महिनोनमहिने घालून काचबिंदू, मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. चिठ्ठीशिवाय हे ड्रॉप मिळू नयेत यासाठी अन्न व औषध प्रशासनाला सांगा साहेब.

सुरुवात नाशिक जिल्ह्यापासून करा. आमच्याकडे शहर आहे, मालेगाव आहे, आदिवासी तालुके आहेत, जे इथे जमेल ते बाकी ठिकाणी पण जमेल. लसीकरण असतं त्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक चालू ऑप्थॅल्मोस्कोप, त्याला सेल, नर्सताईंना आणि आशाताईंना ट्रेनिंग, आणि माता बाल कार्डावर लसीच्या तारखेशेजारीच उजवा डोळा, डावा डोळा असे दोन रकाने, तपासणाऱ्याच्या सहीसकट. रकाना रिकामा असेल तर पुढच्या लसीला आधी तो भरायचा.

आपला,
नाशिकरोडच्या चष्म्याच्या दुकानातला एक ऑप्टोमेट्रिस्ट