मित्रास पत्र : रेडिओ खगोलशास्त्राच्या अभ्यासाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धाकट्या बहिणीला खगोलशास्त्रात संशोधन करायचे आहे, घरचे मात्र साशंक आहेत, तेव्हा तिथे नेमके काय चालते ते सविस्तर कळव, असे तू लिहिले आहेस. मी माझ्या शाखेपुरतेच, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपून अभ्यास करणाऱ्या रेडिओ खगोलशास्त्रापुरतेच लिहितो.

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची आणि एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची अशा दोन संशोधन संस्था शेजारी-शेजारी आहेत. पीएचडीला आलेल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला दोन्ही संस्थांचे संयुक्त वर्ग करावे लागतात. हे वर्ग चांगलाच घाम काढतात. पण खरी कसोटी लागते ती निरीक्षणे हाती आल्यावर, आणि बहिणीला सर्वांत आधी हेच सांगायला हवे.

आमची निरीक्षणे नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर होतात. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी 14 मध्यभागी दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या 16 तीन दिशांना सुमारे 25 किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरल्या आहेत. जवळून पाहिल्यावर आश्चर्य वाटते ते त्यांच्या पृष्ठभागाचे, कारण तिथे पत्रा नसून पोलादी तारांची बारीक जाळी ताणून बसवलेली आहे. इथे टिपल्या जाणाऱ्या लहरींची लांबी साधारण वीस सेंटीमीटरपासून दोन-अडीच मीटरपर्यंत असल्यामुळे एक-दोन सेंटीमीटरची भोके त्यांच्या लेखी नसल्यासारखीच असतात. वारा मात्र त्यांतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्च आवाक्यात येतो. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना मला आजही थक्क करते.

या 30 अँटेनांच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतील दोन संकेतांच्या मिलाफाची नोंद संगणकावर उतरते. त्यानंतरचे कित्येक आठवडे त्या नोंदींची साफसफाई करण्यात जातात. पडद्यावर एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर वारंवारता मांडली की, मोबाइल आणि उपग्रहांचे प्रक्षेपण किंवा विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या भडक पट्ट्यांसारख्या उठून दिसतात. ते भाग वगळायचे, 3सी 286 सारख्या आकाशातील ज्ञात तेजस्वितेच्या रेडिओ स्रोताशी मोजमाप ताडून पाहायचे, आणि काय टाकले व का टाकले याची नोंद ठेवायची. हे काम अनेकांना कंटाळवाणे वाटते. माझ्या मते तेच या विषयाचे मर्म आहे, कारण आपल्याला हवा असलेला संकेत गोंगाटापेक्षा कितीतरी क्षीण असतो आणि हात सैल सुटला तर गोंगाटाबरोबर तोही निघून जातो.

एक उदाहरण देतो. उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला हायड्रोजन 1420 मेगाहर्ट्झला लहरी सोडतो, पण आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांकडून (गॅलेक्सींकडून) निघालेल्या त्याच लहरी विश्वाच्या प्रसरणामुळे आपल्याकडे निम्म्याच्या आसपासच्या वारंवारतेला पोचतात. अशा एकेका दीर्घिकेचा संकेत दिसतच नाही. एनसीआरएतील संशोधकांनी जीएमआरटीच्या निरीक्षणांतून सुमारे 7,650 दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांची सरासरी काढली. अशा बेरजेत गोंगाट संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे इथे सुमारे 87 पटीने, दबतो. त्या काळातील दीर्घिकांमध्ये सरासरी किती हायड्रोजन वायू होता, हे त्यावरून 2020 साली कळले. साफसफाईत चिकाटी नसती, तर त्या बेरजेतून काहीच निघाले नसते.

तेव्हा बहिणीला सांग की, भौतिकशास्त्राचा पाया पक्का कर, संख्याशास्त्र मनापासून शीक आणि प्रोग्रामिंगची आतापासूनच सवय लाव. ताऱ्यांची आवड हवीच. पण एकाच आलेखापुढे दिवसभर बसूनही जिची उत्सुकता टिकते, तिला इथे खरा आनंद मिळेल. नोकरीचा प्रश्न रास्त आहे: कायमस्वरूपी जागा थोड्या आहेत आणि पीएचडीनंतरही काही वर्षे अस्थिरतेत जातात. हे घरच्यांपासून लपवू नये.

28 फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त खोडदला प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. त्या वेळी तिला घेऊन ये. अँटेना जवळून दाखवीन आणि नियंत्रण कक्षातील मंडळींशी तिची गाठही घालून देईन. येण्याचे ठरले की आधी कळव.

आई-बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मित्र