प्रवेशद्वारावरच्या टेबलामागे बसलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपल्या मुलींच्या वसतिगृहासाठी पुण्यात झालेल्या मैफलीचा हिशेब विश्वस्तांपुढे ठेवून झाला. त्यात तुमच्या नावाचा रकाना नाही, कारण तुम्ही मोबदला तर सोडाच, रिक्षाचं भाडंही घेतलं नाहीत. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या संध्याकाळी दारात काहीतरी वेगळं आहे हे पाहुण्यांना जाणवलं, पण ते कुणामुळे हे बहुतेकांना ठाऊक नाही.

मदतनिधीच्या कार्यक्रमाचं दार ही फार नाजूक जागा असते. छापील यादीत नाव शोधायचं, मागे रांग वाढत जायची, "आडनाव परत सांगता का?" असं मोठ्याने विचारायचं. त्यात नावापुढे देणगीचा आकडा लिहिलेला असला, की टेबलावर वाकणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. लाखांत देणारे आणि पेन्शनमधून दोनशे रुपये बाजूला काढणाऱ्या आजी एकाच पानावर. आजींनी ते पान पाहिलं, की पुढच्या वर्षी त्या येतीलच असं नाही.

आम्ही तुमच्याकडे आलो ते फक्त रांग कमी व्हावी म्हणून. टेकवायची कार्डं आणि ती वाचणारी दोन यंत्रं, म्हणजे रीडर, एवढंच आमच्या डोक्यात होतं. मोठ्या देणगीदारांना सोनेरी कार्ड द्यावं असं समितीत ठरतही आलं होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सगळी कार्डं पांढरीच. खुर्ची कुठली ते संगणक सांगेल, कार्डाने सांगायची गरज नाही." काका, त्या वाक्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत. बाकीची सगळी व्यवस्था त्यातूनच उभी राहिली.

कार्डात नाव नाही, फोन नाही, रक्कम नाही. आहे तो फक्त चिपचा स्वतःचा क्रमांक. कार्डाला बॅटरी लागत नाही, रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याला वीज मिळते आणि दोन-चार सेंटिमीटरवरून क्रमांक वाचला जातो, हे तुम्ही आमच्या कॉलेजच्या पोरांना इतकं सोपं करून सांगितलंत की ती पोरं आता दुसऱ्यांना सांगतात. रीडर यूएसबीला जोडला की संगणक त्याला कीबोर्डच समजतो. तो क्रमांक टाइप करतो आणि एंटर दाबतो. म्हणून कर्सर योग्य रकान्यात आहे ना, हे पाहायला तुम्ही प्रत्येक लॅपटॉपवर एक मुलगी बसवलीत. इंटरनेट लागणारच नाही अशी मांडणी केलीत, त्यामुळे नाट्यगृहाच्या तळमजल्यावर रेंज गेली तरी काही अडलं नाही. वर कागदाची यादीही ठेवलीत, पण पालथी, आणि आकड्यांशिवाय!

कुणीतरी ऑफिसातली जुनी हजेरीची कार्डं आणून दिली होती. ती १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर चालणारी, आपला रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचा, त्यांचं जमणार नाही, हे तुम्ही आधीच पाहिलंत. मोबाइल टेकवला तर बहुधा दरवेळी नवाच क्रमांक येतो, म्हणून प्रवेशाला मोबाइल चालवायचा नाही, हेही तुम्हीच सुचवलंत. काही आजोबांनी मेट्रोच्या सवयीने अख्खं पाकीटच रीडरवर ठेवलं. आत बँकेचं कार्ड, मेट्रोचं कार्ड आणि आपलं, तिन्ही एकदम. तुम्ही उठून पुढे गेलात, आपलं कार्ड त्यांच्या हातात वेगळं काढून दिलंत आणि सांगितलंत, "हे यंत्र पैसे कापू शकत नाही, निश्चिंत राहा." हे ऐकून मागच्या चारजणांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

देणगीचं टेबल तुम्ही मुद्दाम लांब, जिन्यापलीकडे लावायला लावलंत. तेव्हा मला ते गैरसोयीचं वाटलं होतं, हे खरं. पण पैशाचा विषय तिथे निवांत झाला. बँकेचं कार्ड टेकवून पाच हजारांपर्यंतची रक्कम पिनशिवाय देता येते, रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१पासून ही मर्यादा दोन हजारांवरून वाढवली आहे. पण ज्यांना पिन दाबूनच द्यायचं होतं त्यांना घाई नव्हती. दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर तिच्यावर आयकराची सवलत मिळत नाही, हे समजावून सांगायला आणि पॅन क्रमांक हळू आवाजात विचारायला तिथे जागा होती.

त्या दोनशे रुपयेवाल्या आजी यंदा आल्या होत्या. कार्ड टेकवलं, पडद्यावर रांग आणि खुर्ची आली, मुलीने "या आजी" म्हटलं आणि त्या इतर सगळ्यांसारख्याच आत गेल्या. मला याहून जास्त काही नको होतं.

निघताना कार्डं परत घेतली, ती पुसून कपाटात ठेवली आहेत. यादीतले क्रमांक आणि नावं यांची जोडणी तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुसून टाकली, पुढच्या कार्यक्रमाला ती नव्याने करता येईल. साताऱ्याच्या एका संस्थेने त्यांच्या कार्यक्रमासाठी रीडर मागितलेत, तुमचा नंबरही मागितलाय. रीडर देतेच आहे. नंबर तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही, तेवढं कळवा.

आपली,
वसतिगृहाची कार्यवाह