अठ्ठावीसचा आकडा आणि लिव्हर

लातूर, मे महिना

प्रिय दोस्ता,

दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या ऑपरेशनला भूल देताना तू एंड-टायडल (सोडलेल्या श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइडचा दाब, मिमी पाऱ्यात) २८ वर ठेवतोस आणि वर म्हणतोस, "कमी असलेलं बरं." मला ते पटत नाही. मॉनिटरवर सगळं गोड दिसतं, मार बसतो लिव्हरला.

लिव्हरला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. त्यातलं तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनचं, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे येणाऱ्या शिरेचं, आतड्यांनी आधीच ऑक्सिजन वापरून झालेलं, उरलेलं आर्टरीचं, म्हणजे धमनीचं. ऑक्सिजन मात्र दोन्हींकडून जवळपास निम्मा-निम्मा. जोरजोरात श्वास देऊन कार्बन डायऑक्साइड उडवलास की आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि पोर्टलचा ओघ आटतो. त्यात हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसतं, पेशींना सोडत नाही. डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्तियान बोरने १९०४ मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच. पल्स ऑक्सिमीटर तेव्हाही ९९ दाखवतं, म्हणून त्यावर विसंबू नकोस.

पोर्टल आटली की आर्टरी आपसूक रुंदावते, पण भरपाई अर्धवटच होते. शिवाय पोर्टलचा दाब ५ ते १० मिमी पारा आणि सर्जन पोट फुगवायला गॅस भरतात तो १५ मिमीने, म्हणजे चेपायचं काही बाकीच राहत नाही.

तर एंड-टायडल ३५ ते ४० वर ठेव. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) उंचीवरून काढलेल्या वजनाला किलोमागे ६ ते ८ मिली, रेट मिनिटाला १२-१४ श्वास, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५. गॅस भरल्यावर आकडा चढेल, तेव्हा रेट थोडा वाढव, व्हॉल्यूम नको. पुढेही चढतच राहिला तर आधी सोडा लाइम (मशीनमधला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) आणि श्वासनलिकेतली ट्यूब बघ. ४५ च्या आसपास गेला तरी लिव्हर रुसत नाही. मेंदूत दाब वाढलेल्या पेशंटला मात्र ते चालणार नाही.

आकडा एकदम खाली घसरला तर व्हेंटिलेटरला दोष देऊ नकोस. सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) सुटलंय का आणि बीपी किती, हे आधी बघ. बीपी पडलं की फुप्फुसापर्यंत कार्बन डायऑक्साइडच कमी पोहोचतो. रेट कमी करून तो आकडा सुधारत नसतो.

आपल्याकडच्या या उन्हात, रात्रीपासून उपाशी पेशंट कोरडाच येतो. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, ते पाजायला सांग आणि भूल देण्याआधी सलाईन चालू कर. सर्जनला गॅस १२ वर ठेवायला लाव. कुरकुर करतील, करू दे.

तुझा मित्र