ताजच्या धुराऐवजी स्थानकातली नावे छापा

महोदय,

२६ नोव्हेंबर जवळ आला की वाहिन्यांवर ताज हॉटेलच्या घुमटाभोवतीचा धूर पुन्हा दिसू लागतो. मुंबईवरचा २००८ चा दहशतवादी हल्ला म्हटले की डोळ्यांपुढे तेवढेच येते. सीएसटी (आताच्या सीएसएमटी) स्थानकात त्या रात्री ५८ माणसे मारली गेली. १६६ मृतांपैकी एकाच ठिकाणचा हा सर्वांत मोठा आकडा. गावच्या गाडीची वाट पाहत सामानाशेजारी बसलेली ही माणसे. तिथला गोळीबार लवकर थांबला आणि ताजसमोर कॅमेरे तीन दिवस उभे राहिले, म्हणून शोकाचे प्रतीक ताज झाला. त्या थेट प्रक्षेपणाने कोणाला धीर दिला? पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच पाहून सूचना देत होते. जिवंत पकडलेला हल्लेखोर कसाब याच्या खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडे बोल सुनावले, ते योग्यच होते.

माध्यम कसे वापरावे हे त्याच रात्री सीएसटीच्या उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे यांनी दाखवले. समोर गोळ्या सुटत असताना ते ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेरची वाट सांगत राहिले. त्या आवाजामुळे कितीतरी लोक घरी पोहोचले.

दुःख पचवायला माणसाला काहीतरी धरावे लागते, हे मला मान्य आहे. आठवड्याभराने गेटवेवर जमलेल्या हजारोंच्या हातात मेणबत्त्या होत्या, त्यांना कोणी नाटक म्हणू नये. लिओपोल्ड कॅफेने भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा बुजवल्या नाहीत. लोक त्यांच्याशेजारी बसून चहा पितात. मला सर्वांत जवळचे वाटते ते गिरगाव चौपाटीवरचे तुकाराम ओंबळे यांचे स्मारक. साताऱ्याच्या केडंबे गावच्या या सहायक उपनिरीक्षकाने कसाबच्या बंदुकीची नळी धरली ती सोडलीच नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. तिथे हात जोडणाऱ्या माणसाला आपण कोणासाठी थांबलो हे ठाऊक असते. चौकाचौकांतल्या अभिवादनाच्या फलकांवर मात्र पुढाऱ्यांचे चेहरे ठळक आणि शहिदांचे टपाल तिकिटाएवढे. हे पाहून चीड येते.

आपल्या दैनिकाला विनंती आहे. यंदा २६ नोव्हेंबरच्या अंकात पहिल्या पानावर घुमटाचे छायाचित्र नको. कुटुंबीयांची संमती असेल तिथे सीएसटीत गेलेल्यांची नावे, गावे आणि ती माणसे काय काम करत होती एवढे छापा. एका पानात मावले नाही तर दोन पाने द्या, त्या दिवशी जाहिराती थोड्या कमी घ्या.

— लोकलने रोज सीएसएमटीला येणारा एक वाचक, डोंबिवली