काजवे बरणीतून आणून सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काजवा महोत्सवांच्या जाहिराती आपल्या पुरवणीत पुन्हा सुरू झाल्या आहेत. तिथल्या गाड्यांच्या रांगा, स्पीकर आणि मोबाइलच्या फ्लॅशबद्दल दर वर्षी तक्रारी छापून येतात. मला लिहायचं आहे ते एका नव्या खुळाबद्दल.

मुळशीकडच्या एका फार्महाऊसवर ओळखीतल्या वाढदिवसाला गेलो होतो. केक कापला, दिवे मालवले आणि कार्यक्रम ठरवून देणाऱ्यांच्या पोरांनी जाळी बांधलेल्या बरण्या उघडून काजवे 'सोडले'. टाळ्या पडल्या. कुठले आणले, असं विचारलं तर 'भंडारदऱ्याकडचे, एकदम ओरिजिनल!' असं उत्तर मिळालं.

एक बरणी मी मागून घेतली. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे पर्समध्ये भिंग असतंच. काजवा उताणा केला की पोटाच्या टोकाशी फिकट पांढरे पट्टे दिसतात, तोच त्याचा दिवा. आपल्याकडे थव्याने लुकलुकणाऱ्या या काजव्यांमध्ये नराला असे दोन पट्टे असतात आणि मादीला एकच. बरणीत जवळजवळ सगळे दोन पट्ट्यांचे. नवल नाही. हवेत फिरत लुकलुकतात ते मुख्यतः नर. माद्या बऱ्याचदा गवतावर किंवा झुडपावर बसून त्यांना चमकूनच उत्तर देतात. जाळं फिरवणाऱ्याच्या हाती नरच लागणार. म्हणजे तिकडच्या माद्यांचे जोडीदार उचलून आणायचे आणि इकडे लॉनवर मरायला सोडायचे. प्रौढ काजव्याचं आयुष्य मुळात दोन-तीन आठवड्यांचं!

यजमान म्हणाले, "अहो मॅडम, उलट इथे काजवे वाढतील." तसं झालं तर ते जास्त वाईट. मुळशीच्या रानात स्वतःचे काजवे आहेत. काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या पालापाचोळ्यात गोगलगायी खात वाढते आणि पंख फुटल्यावरही तो फार लांब जात नाही. काही जातींच्या माद्यांना तर पंखच नसतात. त्यामुळे एका खोऱ्यातले काजवे दुसऱ्या खोऱ्यातल्यांपासून हळूहळू वेगळे होत जाऊ शकतात, आणि हा फरक डोळ्यांना दिसेलच असं नाही.

जपानमध्ये गेंजी नावाचा काजवा आहे. पश्चिम जपानातले नर साधारण दर २ सेकंदांनी चमकतात, पूर्वेकडचे दर ४ सेकंदांनी. जात एकच, पण जनुकीय वंश वेगळे. नागानो प्रांतातल्या तात्सुनो गावात पर्यटनासाठी पश्चिमेकडचे काजवे आणून सोडले. पुढे जनुकीय तपासणीत तिथे त्या पाहुण्यांचाच वंश पसरलेला आढळला. दुधात पाणी पडल्यावर काय निवडणार?

मलेशियात सेलांगोर नदीवरचं कांपुंग क्वांतान मुलाकडे गेले असताना पाहिलं आहे. कांदळवनातला टेरॉप्टिक्स टेनर हा काजवा तिथे बेरेंबांगच्या झाडांवर जमतो आणि सगळे नर एका तालात चमकतात. बेरेंबांग म्हणजे आपल्या कोकणातल्या चिपीचं भावंड. नाव वल्ह्याने चालवतात, इंजिन नाही. लोक आपणहून गप्प बसतात (पुणेकरसुद्धा). हा काजवा आता धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला आहे. त्याला काठावरचं झाड लागतं तसंच अळीसाठी झाडामागची ओलसर, गोगलगायींची जमीनही लागते. तीच तेलमाडाच्या मळ्यांखाली आणि कोळंबीच्या तळ्यांखाली गेली की एका नदीवरचा थवा दुसऱ्या नदीवरच्या थव्यापासून तुटतो. मागे उरलेले आपसातच जुळतात, जनुकांमधली विविधता आटते आणि पुढच्या एखाद्या रोगात किंवा खाऱ्या पाण्यात तग धरायची ताकदही कमी होते. म्हणून कांदळवनातल्या काजव्यांचे अभ्यासक वेगवेगळ्या नद्यांवरचे नमुने गोळा करून डीएनए ताडून पाहतात: कुठल्या दोन थव्यांमध्ये अजून ये-जा आहे, कुठला एकटा पडलाय. त्यासाठी काजव्याचा एक पाय पुरतो. आणि आपण इथे बरण्याच्या बरण्या या घाटातून त्या घाटात नेऊन ओततो.

कायद्याचंही सांगते. भंडारदऱ्याकडचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वन्यजीव नेता येत नाही, आणि त्यात कीटकही आले. तेव्हा वनखात्याने महोत्सवाच्या दिवसांत नाक्यांवर नुसती प्रवेशाची पावती न फाडता परतणाऱ्या गाड्यांतल्या बरण्याही बघाव्यात.

आपल्यालाही एक विनंती. गेल्या रविवारच्या पुरवणीत 'तुमच्या अंगणात काजव्यांची रात्र' अशी चौकट होती, खाली माणशी दर. ती जाहिरात पुढच्या रविवारी घेऊ नये.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
कोथरूड, पुणे